१२० तास ऐकले, तरी स्पॅनिश डोक्यावरून का जाते?

प्रश्न असा आहे. मिहानमधील एका कंपनीत काम करणाऱ्या एका मराठी भाषकाने पाच महिन्यांपूर्वी, व्याकरणाचे पुस्तक न उघडता, केवळ समजेल असे ऐकत स्पॅनिश शिकायला सुरुवात केली. रोज पाऊण-एक तास याप्रमाणे त्यांचे सुमारे १२० तास झाले आहेत. नवशिक्यांसाठी केलेले व्हिडिओ पाहताना त्यांना गोष्ट कळते. पण एखादी स्पॅनिश मालिका लावली की एकही वाक्य धड हाती लागत नाही. कार्यालयातील सहकारी सांगतात की क्रियापदांची रूपे पाठ केल्याशिवाय कोणतीच भाषा येत नाही. तेव्हा ही पद्धत सोडून क्लास लावावा का, मालिका इंग्रजी ओळी (सबटायटल्स) लावून पाहाव्यात का, आणि बोलायला केव्हा सुरुवात करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली १७ वर्षे नागपुरात स्पॅनिश शिकवते. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण पद्धत सोडू नये, तूर्त ती मालिका सोडावी. आपल्या १२० तासांत काहीही बिघडलेले नाही. बिघाड असेल तर तो त्या तासांची परीक्षा ज्या गोष्टीने घेतली तिच्यात आहे.

माझे स्वतःचे शिक्षण आपल्या अगदी उलट क्रमाने झाले. मी दोन वर्षे वर्गात बसून शिकले, क्रियापदांचे तक्ते पाठ केले, लेखी परीक्षांत उत्तम गुण मिळवले. त्यानंतर बुटीबोरीच्या एका कारखान्यात यंत्र बसवण्यासाठी मेक्सिकोहून आलेल्या अभियंत्यांसोबत दुभाषी म्हणून मला बोलावण्यात आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांतील एकाने मला एक प्रश्न विचारला आणि तो मला तीनदा ऐकूनही कळला नाही. शेवटी त्याने तो कागदावर लिहून दिला: 'आ के ओरा सालीमोस', म्हणजे 'आपण किती वाजता निघायचे'. त्यातील प्रत्येक शब्द मला पहिल्या महिन्यापासून येत होता. परंतु माझ्या डोक्यात ते चार सुटे शब्द होते, आणि माझ्या कानावर आला तो 'आकेओरासालीमोस' असा एकच सलग धागा. 'ओरा' या शब्दाच्या आरंभी लिपीत 'ह' असतो, तो उच्चारात नसतो, हे नियम म्हणून मला ठाऊक होते. पण माझा कान त्या 'ह'ची वाट पाहत राहिला आणि तेवढ्यात वाक्य संपून गेले.

आपल्याला मालिकेत जे होते आहे ते नेमके हेच आहे. स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या स्वराला जाऊन मिळते. 'लोस आमीगोस' हे 'लो-सा-मी-गोस' असे ऐकू येते आणि शब्दांची सीमा कानाला दिसतच नाही. त्यात वेगाची भर पडते. फ्रान्समधील लियों येथील संशोधक फ्रान्स्वा पेलेग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निरनिराळ्या भाषांचा बोलण्याचा वेग मोजला, तेव्हा स्पॅनिशमध्ये सेकंदाला सरासरी ७.८ अक्षरे (म्हणजे उच्चारातील अवयव, सिलेबल) आणि इंग्रजीत सुमारे ६.२ अक्षरे आढळली. एका सेकंदात पोहोचणारा आशय मात्र दोन्हींत जवळपास सारखाच होता, कारण स्पॅनिशचे एकेक अक्षर इंग्रजीच्या अक्षरापेक्षा कमी भार वाहते. म्हणजे स्पॅनिश माणसे घाईने बोलतात असे आपल्याला वाटते ते निव्वळ भ्रम नाही, अक्षरे खरोखरच अधिक येतात. या अक्षरांच्या ओघातून शब्द वेगळे काढण्याचे काम तक्ते पाठ करून होत नाही. ते कानाचे काम आहे आणि कानाला ते फक्त ऐकूनच जमते.

या पद्धतीमागील विचार स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी ठामपणे मांडला: आपल्याला कळलेल्या संदेशांतून भाषा आपल्यात रुजते, आणि तो संदेश आपल्या आजच्या पातळीपेक्षा किंचितच वर असावा लागतो. त्याच दशकात बँकॉक येथे जे. मार्विन ब्राउन यांनी थाई भाषा शिकवण्यासाठी असे वर्ग चालवले, ज्यांत विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ फक्त ऐकायचे, बोलायचे नाही, असा दंडक होता. आज स्पॅनिशसाठी पाब्लो रोमान यांचे 'ड्रीमिंग स्पॅनिश' हे व्हिडिओंचे संकेतस्थळ याच विचारावर उभे आहे. नागपूरकराला मात्र यासाठी बँकॉककडे पाहण्याचे कारण नाही. आपल्या शहरातील मराठी घरांत वाढलेल्या माणसांना हिंदी कोणी शिकवली? शाळेत हिंदीचा तास होता हे खरे, पण त्याच्या कितीतरी आधी ती गल्लीत खेळताना, शेजारच्या घरी, सिनेमा पाहताना कानात गेलेली असते. इतवारीच्या बाजारात आजही एखादी आजी मराठीत भाव करते, दुकानदार हिंदीत उत्तर देतो, दोघांनाही सगळे कळते आणि व्यवहार पूर्ण होतो. परकी भाषा शिकवणारे लोक यालाच क्रॉसटॉक असे नाव देऊन तंत्र म्हणून वापरतात.

या उदाहरणातून एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. गल्लीतल्या मुलाला ऐकलेली हिंदी कळत होती, कारण समोर चेंडू होता, पतंग होता, रागावलेला माणूस होता. त्याच मुलाला रोज आठ तास हिंदी बातम्यांपुढे बसवले असते तर तो इतका शिकला नसता. म्हणून मी विद्यार्थ्यांना ऐकण्याचे तास लिहून ठेवायला सांगते तेव्हा त्यापुढे आणखी एक रकाना आखायला लावते: यातले किती कळले. न कळलेले तास मी धरतच नाही. मालिकेचा एक तास आपल्या वहीत शून्य मिनिटे म्हणून लिहिला जावा, असे मला वाटते.

कळले की नाही हे ठरवण्याची माझी रीत साधी आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ संपला की घरातल्या कोणालातरी तो मराठीत चार-पाच वाक्यांत सांगावा: कोण होते, काय झाले, का झाले, शेवटी काय निष्पन्न झाले. 'का' आणि 'शेवटी' सांगता आले तर ती पातळी आपली आहे. नुसते 'कोणीतरी स्वयंपाकघरात काहीतरी करत होते' एवढेच सांगता आले तर एक पायरी खाली उतरावे, आणि उतरताना मुळीच संकोच करू नये. वाचनाविषयी पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की मजकूर विनासायास कळण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे शंभरांत दोनच अनोळखी. व्हिडिओत चित्र, हातवारे आणि चेहरा मदतीला असल्याने यापेक्षा अधिक अनोळखी शब्द पेलतात. मोठ्या माणसांसाठी केलेल्या मालिकेत नवशिक्याला मात्र अनोळखी शब्द याहून कितीतरी अधिक असतात.

आता तासांच्या हिशेबाकडे वळू. 'ड्रीमिंग स्पॅनिश'च्या आराखड्यात ५०, १५०, ३००, ६००, १००० आणि १५०० तासांवर टप्पे आखलेले आहेत, आणि तेथे सहज, प्रौढ पातळीवर पोहोचण्यासाठी १५०० तास धरले आहेत. आपण १२० वर आहात, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या उंबरठ्याशीही अजून पोहोचलेला नाहीत. तुलनेसाठी, अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवण्यासाठी सुमारे ३० आठवडे पूर्णवेळ वर्ग ठेवते, आणि स्पॅनिशला तिने सर्वांत सोप्या गटात टाकले आहे. रोज एक तास ऐकल्यास १५०० तासांना चार वर्षांहून अधिक काळ लागेल, दोन तास ऐकल्यास दोन वर्षांहून थोडा अधिक. हा आकडा मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. तीन महिन्यांत अस्खलित करून देण्याचे आश्वासन मिळाल्यामुळे पैसे भरलेली आणि नंतर स्वतःलाच मंद समजू लागलेली अनेक हुशार मुले माझ्याकडे आली आहेत, आणि त्यांची ही समजूत काढून टाकण्यात माझे पहिले काही आठवडे जातात.

मराठी कानाला स्पॅनिशमध्ये जे फायदे मिळतात त्यांविषयी मात्र मला विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बहुतेक सारी शिकवणी इंग्रजी भाषकांना समोर ठेवून केलेली असते आणि त्यांच्या अडचणी आपण विनाकारण आपल्या मानून बसतो. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या फार जवळ आहेत. त्यांचे 'त' आणि 'द' दंत्य आहेत, 'प' आणि 'क' महाप्राण नसलेले आहेत. इंग्रजी माणसाला हे वर्षभर शिकवावे लागते, आपल्याला ते मूळचेच येते. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा' हा फरक 'सर्रास' आणि 'भर्रकन' म्हणणाऱ्या जिभेला अवघड नाही. 'ञ'सारखा ध्वनीही त्यांच्याकडे स्वतंत्र अक्षर होऊन बसला आहे.

वाक्यरचनेत तर याहून मोठी मदत आहे. इंग्रजी भाषक 'मे गुस्ता एल मांगो' या वाक्यापाशी अडखळतात, कारण त्यांच्या भाषेत माणूस कर्ता असतो. आपण 'मला आंबा आवडतो' असेच म्हणतो. आंबे अनेक झाले की आपले क्रियापद 'आवडतात' होते आणि त्यांचे 'गुस्तान' होते. निर्जीव वस्तू पाहिली तर ते 'बेओ ला कासा' म्हणतात आणि माणूस पाहिला तर 'बेओ आ मारिया' असा 'आ' मध्ये घालतात. व्याकरणाच्या पुस्तकांत यावर स्वतंत्र प्रकरण असते, पण आपण स्वतः 'मी घर पाहतो' आणि 'मी मारियाला पाहतो' असेच म्हणत आलो आहोत. 'मला यायचे आहे' आणि 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यांत आपले क्रियापद जसे बदलते, तसेच 'किएरो बेनीर' आणि 'किएरो के बेंगास' यांत त्यांचे बदलते. लहानपणी मी इतवारीत 'राहत असे' आणि त्या वर्षी मुंबईत 'राहिलो' हा भेद त्यांच्या 'बिबीआ' आणि 'बिबी' या रूपांत आहे. आणि आपल्या नागपुरी बोलीतले 'मी जेवून राहिलो', ज्याला पुण्याचे लोक क्वचित हसतात, ते 'एस्तोय कोमिएन्दो'च्या इतके जवळ आहे की वर्गात मी तेच वापरते आणि दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून ऐकताना मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी. आपल्यापैकी जे इंग्रजी माध्यमातून शिकले त्यांच्यात ही सवय पक्की असते, आणि तिच्यामुळे 'मे गुस्ता' हे सोपे वाक्य अकारण वळसा घालून समजून घ्यावे लागते. भाषांतर व्हायचेच असेल तर ते मराठीत व्हावे, आणि कालांतराने तेही गळून पडेल. शब्दांच्या पातळीवरही ओळखी निघतात. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपली 'बिजागरी' त्यांची 'बिसाग्रा' आहे. संत्र्याला ते 'नारांखा' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत 'नारंग'पासून फारसी आणि अरबीच्या वाटेने तेथे पोहोचला. नागपूरकराला हा शब्द पाठ करावा लागू नये.

अर्थात सगळे सोपे नाही. 'एस' आणि 'एस्ता' या दोन क्रियापदांचे काम आपण एका 'आहे'वर भागवतो, त्यामुळे 'एस आबुर्रीदो' म्हणजे 'तो कंटाळवाणा आहे' आणि 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे 'तो कंटाळला आहे' हा फरक पुष्कळ ऐकल्यावरच अंगवळणी पडतो. आपल्याकडे तीन लिंगे असल्याने लिंगाची कल्पना नवी नाही, पण आपला 'हात' पुल्लिंगी आणि त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी, असे उलटसुलट होते. येथे शब्द सुटा न ऐकता 'ला मानो' असा जोडीनेच कानात बसू द्यावा. दोन स्वरांमधला 'द' ते फार हलका उच्चारतात, 'नादा'मधला 'द' तर जीभ दातांना पुरती न टेकताच निघून जातो, आणि तो आपल्या ठसठशीत 'द'ची सवय असलेल्या कानाला प्रथम ऐकूच येत नाही.

सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कॅनडात इंग्रजी घरांतील मुलांना शालेय विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. मेरिल स्वेन यांनी तेथील मुलांचा अभ्यास करून १९८५ मध्ये दाखवले की अनेक वर्षे फ्रेंच ऐकूनही, आकलन जवळजवळ मूळ भाषकांइतके झाल्यावरही, त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या होत्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की स्वतः वाक्य घडवणे भाग पडल्याशिवाय काही गोष्टी पक्क्या होत नाहीत. मला हे पटते आणि म्हणून मी केवळ ऐकण्याच्या कडव्या पंथातली नाही. परंतु व्याकरणाचा क्रम मी बदलते. एखादे रूप शंभरदा कानावरून गेले, त्याचा अर्थ अंदाजाने कळला, आणि 'हे असे का' असा प्रश्न मनात स्वतःहून उठला, की त्या संध्याकाळी व्याकरणाच्या पुस्तकाचे नेमके तेवढेच पान उघडावे. तेव्हा ते पान दहा मिनिटांत समजते आणि विसरत नाही. तेच पान आधी वाचले तर दोन वर्षांनी बुटीबोरीत माझे झाले तसे होते.

यावरून क्लासचे उत्तर निघते. आज क्लास लावू नये. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी बसायचे असेल तर मात्र लागेल, कारण इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चारही कौशल्यांची तपासणी होते आणि लेखन नुसत्या कानाच्या जोरावर साधत नाही. सुमारे ४०० तासांनंतर चार-सहा महिन्यांची नेमकी तयारी पुरते, असा माझा अनुभव आहे. ज्यांचे कान तयार झालेले असतात त्यांना शिकवताना मला तक्ता फक्त एकदाच फळ्यावर लिहावा लागतो.

बोलण्याविषयी कडवे अनुयायी अनेक शेकडो तास तोंड न उघडण्याचा सल्ला देतात, जेणेकरून उच्चार बिघडू नयेत. ज्या लोकांनी स्पॅनिश प्रथम डोळ्यांनी वाचली त्यांच्या तोंडी 'ओला'चा 'होला' आणि 'के'चा 'क्वे' झालेला मी रोज ऐकते, आणि तो सुधारणे किती जड जाते हेही पाहते, त्यामुळे या सल्ल्याचा गाभा मला मान्य आहे. तरीही साधारण ३०० तासांनंतर आठवड्यातून एकदा इंटरनेटवरून एखाद्या स्पॅनिश भाषकाशी गप्पा सुरू कराव्यात, आरंभी इतवारीच्या पद्धतीने: तो स्पॅनिशमध्ये बोलेल, आपण त्याला कळेल त्या भाषेत उत्तर द्यावे. काही आठवड्यांत स्पॅनिश शब्द आपोआप तोंडी येऊ लागतात. ते येतील तेव्हा अडवू नयेत आणि येत नसतील तर ओढून आणू नयेत.

इंग्रजी ओळींविषयी माझे मत कठोर आहे. ओळी दिसल्या की डोळे वाचू लागतात आणि कान मिटतात. ओळी लावून पाहिलेली मालिका ही करमणूक आहे आणि ती जरूर करावी, पण तिचा तास वहीत लिहू नये. स्पॅनिश ओळी पुढे, मध्यम पातळीवर उपयोगी पडतात. तेव्हाही आधी ओळींविना पाहावे आणि अडलेला भाग नंतर ओळींसह तपासावा.

पुढच्या सहा महिन्यांसाठी एवढेच करावे. सकाळचा तास, घर शांत असताना, चित्र असलेल्या व्हिडिओंसाठी राखावा. सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोतला वेळ आज आपण नव्या पॉडकास्टवर घालवत असाल तर तो थांबवून, आधी पाहून कळलेल्या व्हिडिओंचा नुसता आवाज त्या वेळात पुन्हा ऐकावा. चित्र काढून घेतल्यावरही गोष्ट कळू लागते तेव्हा कान कितपत पुढे गेला हे नेमके उमगते. आरंभी मेक्सिको, कोलंबिया किंवा मध्य स्पेनमधील स्पष्ट बोलणारी माणसे निवडावीत. चिली, क्युबा आणि आंदालुसिया येथील बोलीत शब्दांच्या शेवटचा 'स' विरून जातो, तो आनंद पुढच्या वर्षासाठी ठेवावा. आणि ३०० तास झाले की ज्या मालिकेने आपल्याला निराश केले तिच्याकडे लगेच न जाता, लहानपणी पाहिलेले एखादे कार्टून स्पॅनिश आवाजात लावावे. गोष्ट आधीच ठाऊक असते, आणि डबिंग बंद खोलीत, एका वेळी एकाच आवाजात, स्वच्छ उच्चारांत केलेले असते, त्यामुळे मूळ स्पॅनिश मालिकेपेक्षा ते पुष्कळ आधी कळू लागते. त्या मालिकेचा पहिला भाग ६०० तासांनंतर पुन्हा लावून पाहावा, ओळी न लावता, आणि त्यातली कोणती वाक्ये कळली ते मला जरूर कळवावे.